बाबांच्या डीटीपीच्या पीसीतली व्हायरसवाली हार्डडिस्क : पुसायची कशी, आणि त्याआधी काय काढून घ्यायचं?

जुळारी | रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. नारायण पेठेत आमचा पत्रिका छापायचा धंदा होता. आजोबा खिळे जुळवायचे, बाबा डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं मांडायच्या कामात, पेजमेकरवर आले आणि मी त्यातून निसटलो. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण पीसी माळ्यावर तसाच होता. वाडा रिकामा करायचा म्हणून काल तो खाली उतरवला. (वाड्याचं रीडेव्हलपमेंट ही वेगळी कादंबरी आहे, त्याचा धागा नंतर.)

कॅबिनेट उघडलं तर बोटभर धूळ आणि पॉवर सप्लायमागे पालीची दोन अंडी. हार्डडिस्क मात्र धडधाकट दिसतेय. ५०० जीबी, साडेतीन इंची, साटा, लेबलवर २०१० साल.

आता अडचण. दुकानात दिवसाला दहा गिऱ्हाईकांचे पेनड्राइव्ह लागायचे, त्यामुळे पीसीला बारमाही सर्दी. फोल्डरचे शॉर्टकट व्हायचे, प्रत्येक फोल्डरात फोल्डरसारखंच चित्र असलेली एक ईएक्सई फाइल (म्हणजे डबल क्लिकने चालणारा प्रोग्राम) बसलेली असायची. बाबांनी तीनचार वेळा फॉरमॅट मारून आणला. आठवडाभर बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

मला ही डिस्क साफ करून घरच्या फोटोंच्या बॅकअपला वापरायची आहे. सोसायटीचे सेक्रेटरीही सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी "द्या ना आम्हाला" म्हणून मागे लागलेत. पण बाबांची अट अशी की पत्रिकांच्या फाइल्स आधी काढायच्या, मग काय तो होम करायचा तो करा.

माझा लॅपटॉप ऑफिसचा आहे, त्याला ही डिस्क जोडायची हिंमत नाही. फॉरमॅट केल्यावर व्हायरस खरंच जातो का? चार वेळा का गेला नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

पेठी_टोमणा | रविवार, सकाळी ११:४१

२०१० सालच्या डिस्कसाठी रविवार घालवणार? बरोबर आहे, पुण्यात रद्दीसुद्धा दोन ठिकाणी भाव विचारून देतात. चालू द्या.

---

चहाबाज | रविवार, सकाळी ११:५५

फ्रिजचं लोहचुंबक फिरवा. आमच्या मामांनी व्हायरस मारायला डिस्क उन्हात ठेवली होती, गव्हातल्या सोंड्यांसारखी.

बसलोय चहा घेऊन.

---

नदीकाठचा | रविवार, दुपारी १२:३०

ऑफिसच्या लॅपटॉपला जोडू नका, हे तुम्ही स्वतःच ओळखलंत ते उत्तम.

चार वेळा का गेला नाही, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुमच्या डिस्कला सी, डी आणि कदाचित ई अशी पार्टिशन्स, म्हणजे एकाच डिस्कचे कप्पे, असणार. दुकानदार विंडोज मारतो म्हणजे सी पुसतो. डी वर "पार्टीचा डाटा" असतो, त्याला तो हात लावत नाही. तुमचा रोग डी वर बसलेला. नवी कोरी विंडोज चालू झाली, बाबांनी डी उघडला, फोल्डर समजून ईएक्सईवर डबल क्लिक केलं, झालं. शिवाय गिऱ्हाईकांचे पेनड्राइव्ह होतेच. म्हणजे फॉरमॅट फसला नाही, तो अर्ध्याच घराला मारला गेला.

फोल्डरचं चित्र लावलेल्या ईएक्सई फसवतात, कारण विंडोज मुळात फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवते. "लग्न" नावाचा फोल्डर आणि "लग्न.ईएक्सई" सारखेच दिसतात. खरा फोल्डर तोवर हिडन आणि सिस्टिम करून टाकलेला असतो. डेटा गेलेला नसतो, लपवलेला असतो. त्यामुळे बाबांच्या फाइल्स बहुधा जागेवर असतील.

आता क्रम. पहिलं, ही डिस्क असलेला पीसी तिच्यावरूनच चालू करायचा नाही. दुसरं, एखादा असा लॅपटॉप शोधा ज्यात काही महत्त्वाचं नाही. तिसरं, एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम टाका (रूफस हा प्रोग्राम वापरून, आठ जीबीचा पुरतो) आणि लॅपटॉप त्यावरून चालू करा. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं "ट्राय" करायचं. विंडोजचे हे व्हायरस तिथे चालत नाहीत, ईएक्सई ही तिथे नुसती एक फाइल. वायफाय बंद ठेवा. मग डिस्क जोडा.

जोडल्यावर सगळ्यात आधी डिस्कची तब्येत बघा, स्मार्ट नावाचा अहवाल असतो. मिंटमध्ये "डिस्क्स" हे अॅप आहे, मेनूत सापडेल. रीअॅलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल, हे तीन आकडे इथे टाका (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटासा खण). तब्येत वाईट असेल तर स्कॅन वगैरे करत बसायचं नाही, आधी डेटा बाहेर. अँटिव्हायरस स्कॅनमध्ये डिस्क तासन्‌तास घुसळली जाते, मरायला टेकलेली डिस्क त्यातच मरते.

---

गल्लीतला_मेकॅनिक | रविवार, दुपारी १:१५

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, वीस वर्षं काढलेला माणूस बोलतोय. नदीकाठच्या साहेबांचं बरोबर, आमच्याच लोकांनी ही सवय लावली. गिऱ्हाईक म्हणतं "डी ला हात लावू नका, मुलीचे फोटो आहेत". मग आम्ही कशाला लावतो.

एक गोष्ट राहिली. साडेतीन इंची डिस्क यूएसबीवर नुसती चालत नाही, तिला १२ व्होल्ट लागतात. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, म्हणून लोक तीच केबल आणतात आणि "डिस्क डेड आहे" म्हणत परत येतात. घेताना अॅडॉप्टरवाला साटा-यूएसबी कन्व्हर्टर मागा आणि यूएसबी ३ चाच घ्या.

जोडल्यावर कान लावा. एकसारखी घूं ऐकू आली तर ठीक. टक्, टक्, टक् करून थांबत असेल तर लगेच काढा आणि विसरून जा.

सेक्रेटरींना डिस्क देऊ नका. डीव्हीआरमध्ये चोवीस तास लिखाण चालतं, त्यासाठी वेगळ्या डिस्का येतात. ही म्हातारी तिथे लावली तर चोरी होईल त्या दिवशी नेमकी बंद असेल आणि नाव तुमचं.

---

डॉस_आजोबा | रविवार, दुपारी ३:०५

तुम्हा पोरांना सी आणि डी दिसतात, आम्हाला त्याच्याही आधीचं भूत माहीत आहे.

डिस्कचा पहिलाच सेक्टर, ५१२ बाइट्सचा. त्यात ४४६ बाइट्स बूट कोडला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन सहीचे. विंडोज उठायच्या आधी मशीन हा कोड चालवतं. इथे घुसलेला व्हायरस सी फॉरमॅट केला तरी जागचा हलत नाही, कारण फॉरमॅट पार्टिशनच्या आत होतो आणि हा बाहेर ओट्यावर बसलेला असतो.

१९८६ साली लाहोरहून आलेला "ब्रेन" फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच राहायचा. मग १९९२ साली मायकेलँजेलोची हवा झाली, ६ मार्चला उठून डिस्कची सुरुवात खरवडणार म्हणून. आमच्या ऑफिसात ५ तारखेला संध्याकाळी साहेबांनी सगळ्या मशीनच्या तारखा एक दिवस पुढे ढकलून ठेवल्या, म्हणजे सहा तारीख उजाडायलाच नको! पुण्यात अँटिव्हायरसचा एवढा मोठा धंदा उभा राहिला तो याच काळातल्या उपद्रवातून. क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी इथलीच, आणि तिचे कर्ते आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे.

तात्पर्य, पुसाल तर पहिल्या सेक्टरपासून.

---

जुळारी | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, आभार. बायकोचा जुना लॅपटॉप मिळाला, त्यात काही नाही. उद्या कन्व्हर्टर आणतो.

एक शंका. विंडोजमध्ये डिस्कपार्ट नावाचं काहीतरी आहे म्हणे, दोन ओळींत काम होतं. लिनक्सचा घाट कशाला?

---

निळीशाई | रविवार, रात्री १०:१५

दोन ओळींत काम होतं, हीच त्याची भानगड आहे. माझं सांगते.

माझ्याकडे १ टीबीच्या दोन एक्स्टर्नल डिस्का होत्या. एकीत कचरा, दुसरीत मुलाच्या जन्मापासूनचे फोटो. डिस्कपार्टमध्ये "लिस्ट डिस्क" लिहिलं की नुसते नंबर आणि आकार दिसतात, नाव नाही. दोन्हींपुढे ९३१ जीबी. मी मघाशी बघितलेला नंबर डोक्यात धरला. मध्ये एक डिस्क काढून पुन्हा लावली होती, त्यात नंबर बदलले. "सिलेक्ट डिस्क २", एंटर. "क्लीन", एंटर. "नक्की ना?" असं ते विचारत नाही. एका सेकंदात "यशस्वी" म्हणून मोकळं.

दोन मिनिटं मी नुसती कीबोर्डकडे बघत बसले होते.

वाचले ते एवढ्यामुळे की मी नुसतं "क्लीन" लिहिलं होतं. ते पार्टिशनचा तक्ता पुसतं, आतला माल तसाच राहतो. डिस्क लगेच बाजूला काढली, तिच्यावर काहीही लिहू दिलं नाही आणि टेस्टडिस्क या फुकट प्रोग्रामने पार्टिशन परत शोधून दिलं. "क्लीन ऑल" लिहिलं असतं तर प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं गेलं असतं आणि मग ब्रह्मदेवही काही करू शकत नव्हता.

तेव्हा विंडोज असो की लिनक्स, बाकीच्या सगळ्या डिस्का आणि पेनड्राइव्ह उपटून ठेवा. "डिटेल डिस्क" लिहिलं की मॉडेलचं नाव येतं, ते बघा.

---

नदीकाठचा | रविवार, रात्री ११:००

निळीशाईताईंशी शंभर टक्के सहमत. या सगळ्या प्रकारात व्हायरसपेक्षा आपल्या हाताने चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका मोठा.

विंडोज का नको? पुसायला चालेल. फाइल्स काढायला नको. विंडोजला डिस्क जोडून फोल्डर उघडला की बाबांनी केलं तेच डबल क्लिक तुमच्या हातून होणार, सवयच ती.

आता काढायचं काय. फोटो, स्कॅन, पीडीएफ, पेजमेकरच्या फाइल्स, गाणी हे घ्या. ईएक्सई, एससीआर, एलएनके, व्हीबीएस, बॅट, जेएस, एमएसआय, ऑटोरन डॉट आयएनएफ यातलं काहीही नको, जुने सेटअप तर मुळीच नकोत. "कोरल ड्रॉचा सेटअप आहे, असू दे" इथेच घात होतो. सॅलिटीसारखे व्हायरस आधीपासूनच्या चांगल्या ईएक्सईंनाच चिकटतात, रॅमनिट एचटीएमएल फाइल्सनाही. म्हणजे सेव्ह करून ठेवलेली वेबपानंही सोडा. वर्ड-एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम, असू शकतात. ती घ्या, पण उघडताना मॅक्रो चालू करू नका.

अख्खा फोल्डर ओढून आणायचा नाही. हवी ती एक्स्टेन्शन शोधून तेवढ्याच फाइल्स दुसऱ्या रिकाम्या पेनड्राइव्हवर. मग तो पेनड्राइव्ह अद्ययावत अँटिव्हायरसने तपासायचा. एखादी फाइल संशयास्पद वाटली तर व्हायरसटोटल या तपासणीच्या साइटवर टाकता येते, पण कोणाची खाजगी कागदपत्रं तिथे चढवू नका, ती इतरांना उपलब्ध होऊ शकतात.

---

मोरया | सोमवार, सकाळी ८:५०

वाखु (वाचनखूण) साठवली. अवांतर : माझ्याकडे जुनी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवाली डिस्क) आहे, तिलाही असंच शून्य मारायचं का?

---

नदीकाठचा | सोमवार, सकाळी ९:२०

@मोरया, नाही. एसएसडी झीज सारखी वाटली जावी म्हणून लिखाण आतल्या आत इकडेतिकडे हलवते. तुम्ही वरून शून्य लिहिता, पण जुने तुकडे राखीव जागेत राहू शकतात, आणि आयुष्य फुकट खर्ची पडतं. तिला सिक्युअर इरेज नावाची तिचीच आज्ञा असते. कंपनीच्या टूलमधून किंवा काही लॅपटॉपच्या बायोसमधून देता येते.

---

अडीचपाय | सोमवार, सकाळी १०:०५

एकदा शून्य मारून काही होत नाही. ३५ वेळा वेगवेगळे पॅटर्न लिहावे लागतात, नाहीतर लॅबमध्ये सगळं परत निघतं. गुटमान मेथड शोधा.

---

डॉस_आजोबा | सोमवार, सकाळी ११:३०

अहो अडीचपाय, गुटमान यांचा तो निबंध १९९६चा, तेव्हाच्या जुन्या एन्कोडिंगच्या डिस्का समोर ठेवून लिहिलेला. आताच्या डिस्कांना ते ३५ फेऱ्यांचं पारायण लागत नाही, असं त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं ८००-८८ हे मार्गदर्शक आहे, तेही फिरत्या डिस्कला साधारणपणे एक फेरी पुरेशी मानतं.

आणि इथे शत्रू कोण? लग्नपत्रिकेचा पेजमेकर. लॅबमध्ये कोण नेतंय?

---

पेठी_टोमणा | सोमवार, सकाळी ११:४४

मुलीकडचे नेतील. पत्रिकेत मानपानाची नावं कोणी गाळली ते शोधायला.

---

अडीचपाय | सोमवार, दुपारी १२:१०

बरं, ३५ राहू द्या. पण हार्डडिस्कच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या तिच्या आतल्या प्रोग्राममध्ये, व्हायरस असतो त्याचं काय? तो शून्य मारून जात नाही.

---

नदीकाठचा | सोमवार, दुपारी १:००

मुद्दा खरा आहे. २०१५ साली कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने इक्वेशन ग्रुप या हॅकर टोळीचं प्रकरण बाहेर काढलं, त्यात डिस्कचं फर्मवेअरच बदललेलं होतं, आणि ते फॉरमॅटने जात नाही. पण ती निवडून निवडून मोठ्या लक्ष्यांवर वापरलेली हत्यारं होती. नारायण पेठेतल्या डीटीपीवर ती कोणी खर्च करणार नाही. तेवढा संशय असेल तर डिस्क वापरूच नये, ड्रिल मारावं.

उलट बाजूचंही सांगतो, नाहीतर लोक विनाकारण घाबरतात. घरातच वापरायची असेल तर व्हायरस घालवायला सगळ्या डिस्कवर शून्य मारायचीही खरं तर गरज नाही. सगळी पार्टिशन्स उडवली, पहिला सेक्टर पुसला आणि नवा फॉरमॅट केला की मागे उरलेले व्हायरसचे बाइट्स म्हणजे जळालेल्या पत्राची राख. त्यांना कोणी चालवल्याशिवाय ते स्वतः उठून चालत नाहीत. पूर्ण शून्य मारायचं ते दोन कारणांसाठी. डिस्क दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर, आणि प्रत्येक सेक्टरवर एकदा लिखाण झालं की डिस्कचा खरा कस लागतो म्हणून. जुन्या डिस्कला हे दुसरं कारण मोठं.

क्विक फॉरमॅटच्या भरवशावर मात्र डिस्क विकू नका. तो नुसती अनुक्रमणिका फाडतो, पुस्तक तसंच. विंडोज व्हिस्टापासून पुढे साधा, म्हणजे "क्विक"ची खूण काढलेला फॉरमॅट त्या पार्टिशनवर शून्य लिहितो. त्याआधीच्या विंडोज XP मधला पूर्ण फॉरमॅट तेही करत नसे, नुसते सेक्टर वाचून बघायचा.

---

संपादक | सोमवार, दुपारी २:३०

क्रॅक केलेल्या विंडोजचा दुवा देणारा एक प्रतिसाद उडवला आहे. निदान या धाग्यावर तरी नको.

---

जुळारी | मंगळवार, रात्री ११:१०

अपडेट. मिंट चालू झालं, डिस्क जोडली. आवाज घूं. स्मार्टचे आकडे : रीअॅलोकेटेड ०, पेंडिंग १६, अनकरेक्टेबल ०. चालू राहिल्याचे तास एकतीस हजारांच्या वर. बाबा म्हणाले, "तेवढे तास मी तुझ्या आईबरोबर बसलो असतो तर."

डी वर खरंच प्रत्येक फोल्डरची जुळी ईएक्सई होती. मिंटमध्ये ती एकदम उघडी पडली, सगळ्यांचा आकार बाइटला बाइट सारखा. "लग्न २००९.ईएक्सई", "मुंज.ईएक्सई", "बारसे नवीन फायनल.ईएक्सई". आणि शेजारी खरे फोल्डर, शाबूत! बाबांना दाखवलं तर ते मान हलवत म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी मुंज नाही, हे उघडत होतो."

पेजमेकरच्या फाइल्स आणि फॉन्ट घेतले. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातले श्री-लिपीचे फॉन्टही उचलले, कारण या फाइल्स युनिकोडच्या आधीच्या. तो फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ७ जीबीत सगळा संसार मावला. दोन फाइल्स कॉपी होताना अडकल्या, डिस्क दहा-बारा सेकंद विचार करत बसली, मग एक आली, एक नाही.

पेंडिंग १६ म्हणजे किती वाईट?

---

नदीकाठचा | बुधवार, सकाळी ७:४५

पेंडिंग म्हणजे असे सेक्टर जे डिस्कला नीट वाचता येत नाहीत, पण अजून तिने ते बाद केलेले नाहीत. त्यांच्यावर नवं लिखाण झालं की निकाल लागतो. लिहिलेलं नीट बसलं तर सेक्टर परत कामाला, नाहीतर राखीव कोट्यातला सेक्टर त्याच्या जागी, आणि मग रीअॅलोकेटेड वाढतो. म्हणून म्हटलं की शून्य मारण्यात कस लागतो. अडकलेली एक फाइल बहुधा त्या १६ मध्येच आहे. ती फारच महत्त्वाची असेल तर पुसायच्या आधी डीडीरेस्क्यू हा डेटा वाचवायचा प्रोग्राम वापरून बघा, नंतर मार्ग नाही.

पुसायची कमांड सांगतो, टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत. आधी एलएसबीएलके लिहून डिस्कांची यादी बघा. मग यूएसबी काढा, पुन्हा यादी बघा. जी नाहीशी झाली ती तुमची. कन्व्हर्टरमुळे कधीकधी डिस्कऐवजी कन्व्हर्टरचंच नाव दिसतं, म्हणून नावापेक्षा ही काढ-घाल भरवशाची. मग डीडी : इनपुट फाइल /देव/झीरो (इथून नुसती शून्यं येत राहतात), आउटपुट फाइल /देव/एसडीबी (तुमचं जे अक्षर असेल ते), ब्लॉक साइझ १एम, आणि स्टेटस प्रोग्रेस, म्हणजे आकडा पळताना दिसेल. एसडीबी पुढे १ किंवा २ लावायचा नाही. तो लावला तर एकच पार्टिशन पुसलं जाईल आणि आजोबांचं ओट्यावरचं भूत तसंच राहील.

एंटर मारण्याआधी हात मांडीवर ठेवून ओळ एकदा मोठ्याने वाचा.

---

जुळारी | गुरुवार, दुपारी १२:२०

सकाळी सातला लावलं. मोठ्याने वाचलं, बायकोने "कोणाशी बोलतोयस" विचारलं. ३० एमबी प्रति सेकंद. दहाच्या ठोक्याला, ३२० जीबीच्या आसपास असताना, गुरुवार असल्याचं आठवलं. म्हणजे लाइट गेल्यावर आठवलं. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण डिस्कचा अॅडॉप्टर भिंतीत. पडद्यावर "इनपुट/आउटपुट एरर" येऊन सगळं ठप्प. डिस्क बिघडली का?

---

चहाबाज | गुरुवार, दुपारी १२:२६

पुण्यात राहून गुरुवारी सकाळी काहीही लांबलचक काम लावणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. नगरसेवकाला उभं करा याला.

---

गल्लीतला_मेकॅनिक | गुरुवार, दुपारी १:०५

काही होत नाही. अर्धी पुसली गेली एवढंच, पुन्हा पहिल्यापासून लावा. फार तर ज्या सेक्टरवर लिखाण चालू होतं तो अर्धवट राहिला असेल, पुढच्या फेरीत लिहिला जाईल.

३० चा वेग म्हणजे काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टात खुपसलंय. निळ्या, यूएसबी ३ च्या पोर्टात लावा. आणि डिस्क गादीवर ठेवू नका, लाकडी टेबलावर ठेवून पंखा सोडा. एवढा वेळ लिहिताना चांगलीच तापते.

---

जुळारी | शुक्रवार, रात्री १०:५०

निळा पोर्ट. सुरुवातीला १२० एमबी, नंतर उतरत उतरत शेवटी ६०. दीड तासाच्या थोडं वर लागलं. पण शेवटी एरर! "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". आकडा आहे ५००१०७८६२०१६ बाइट्स.

---

नदीकाठचा | शुक्रवार, रात्री ११:१५

अभिनंदन! ती एरर म्हणजेच "झालं". डीडीला कुठे थांबायचं ते सांगितलेलं नव्हतं, डिस्क संपली आणि ते भिंतीला जाऊन थडकलं. तुमचा आकडा म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कची पूर्ण लांबी, शेवटच्या बाइटपर्यंत.

वेग उतरला तेही साहजिक. डिस्क बाहेरच्या कडेपासून लिहायला सुरू करते, तिथला ट्रॅक लांब, एका फेऱ्यात जास्त मावतं. आत येईल तसा ट्रॅक छोटा होतो.

खात्री हवी असेल तर सीएमपी कमांडने डिस्क आणि /देव/झीरो ताडून बघा. फरक न सांगता "डिस्क संपली" म्हणाली की सगळीकडे शून्य. मग स्मार्ट पुन्हा बघा.

---

जुळारी | शनिवार, दुपारी ४:३०

ताडून बघितलं, सगळं शून्य. स्मार्ट : पेंडिंग ०, रीअॅलोकेटेड ८.

---

गल्लीतला_मेकॅनिक | शनिवार, संध्याकाळी ५:१०

म्हणजे सोळातले काही सुधारले, आठ जागी राखीव भरती झाली. महिनाभराने पुन्हा बघा. आठाचे आठच राहिले तर सिनेमे, गाणी यांना चालेल. वाढले तर राम म्हणा. फोटोंचा एकुलता एक बॅकअप हिच्यावर नको, हे मी गिऱ्हाईकालाही सांगतो आणि मग गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं.

टाकायचीच झाली तर कचऱ्याच्या बादलीत नको, ई-कचऱ्यात द्या. पुण्यातल्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेचे लोक घेतात.

---

निळीशाई | शनिवार, संध्याकाळी ५:४०

आणि जुने पेनड्राइव्ह? दुकानातला एखादा ड्रॉवरमध्ये असेलच. डिस्क धुऊन पुसून तोच लावलात तर पहिल्या पानावर परत.

---

जुळारी | रविवार, सकाळी १०:०५

निळीशाईताई, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का? ड्रॉवरमध्ये श्री-लिपीच्या डोंगलशेजारी चार निघाले. चारही त्याच मिंटवर शून्य मारून घेतले. एक मेला, तीन जगले.

सेक्रेटरींना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी "अहो, निदान पेनड्राइव्ह तरी" असं विचारलं.

फोटोंसाठी नवी डिस्क घेतली. जुनीवर बाबांची नाट्यसंगीताची गाणी चढवली, ती गेली तरी सीड्या आहेत.

आणि पत्रिका. लिबरऑफिसचं ड्रॉ पेजमेकरच्या फाइल्स उघडतं हे मला माहीतच नव्हतं. फॉन्ट टाकल्यावर खिचडीची मराठी झाली, मांडणी जरा सरकली, पण गणपती जागेवर. काल रात्री बाबांना खुर्चीत बसवून एकेक पत्रिका दाखवत होतो. २००९च्या एका लग्नाच्या पत्रिकेवर ते थांबले, चष्मा वर केला, पडद्याजवळ गेले. खाली मुलांच्या नावाने असतं ना, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं", तिथे "मामच्या" छापलंय. पाचशे प्रती गेल्या होत्या. ना यजमानांच्या लक्षात आलं, ना यांच्या.

पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "यात आता काना देता येतो का?"

दिला. सेव्ह केलं.